पाचव्या शालीपर्यंत

पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावर मी आणि माझी बायको अकरा वर्षं मिशनचं काम करत होतो. ती गेली, त्याला आता आठ महिने झाले. काही वर्षांपूर्वी आम्ही पाडा सोडला त्या दिवशी तिची तिथली मैत्रीण निरोपाला आली नव्हती. मजुरांच्या टोळीबरोबर दिंडोरीला द्राक्षांच्या छाटणीला गेली होती, हे फार उशिरा कळलं. तोवर हिने तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. शेवटच्या आजारात मला म्हणाली, "तिला सांगा, मी रुसले नव्हते. फोनवर नको. समोर बसून सांगा."

शहरात इंदिरानगरला बहिणीकडे मुक्काम केला आणि रविवारी सकाळच्या एसटीने पाड्यावर पोचलो. मैत्रीण प्रार्थनागृहामागे चुलीपाशी होती. स्वयंपाक माझ्यासाठीच चालला होता. मी तिकडे वळलो तर पाळकांनी हात धरला.

"दादा, तिकडं बायका हायत. तुम्ही स्टेजवर."

उपासना संपली आणि सत्कार सुरू झाले. मंडळीची शाल, तरुण संघाची शाल, महिला मंडळाची शाल. ऑक्टोबरच्या उकाड्यात प्रत्येक शाल फोटो निघेपर्यंत अंगावर ठेवायची. एकजण माझ्या त्यागाबद्दल बोलला, दुसरा माझ्या पायपिटीबद्दल. बायकोचा उल्लेख 'त्यांच्या सौभाग्यवती' असा एकदाच झाला. बाळंतिणींसाठी डोंगर चढायची ती. मी घरी वाचत बसायचो. हे माइकवर सांगता आलं असतं. 'दोन शब्द' बोलायला उभं केलं तेव्हा मी आभार मानले आणि खाली बसलो.

जेवणही स्टेजवरच, एकट्याला, टेबलावर. नागलीची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा.

"जरा चुलीपाशी जाऊन येतो," मी म्हणालो.

"पाव्हणा कुठं चुलीपाशी जातो का, दादा?" पाळक म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

जेवणानंतर पुन्हा भाषणं. पाचवी शाल अंगावर पडत होती तेव्हा खाली रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला. मुकादम टोळी न्यायला आला होता. दुसऱ्या दिवसापासून दिंडोरीत छाटणी होती. मैत्रीण बोचकं घेऊन निघालेली दिसली. मी शालीसकट धावलो. पोचलो तेव्हा ती मागे बायकांमध्ये दाटीवाटीने बसली होती.

"तुझ्या वैनीचा निरोप आहे," मी धापा टाकत म्हणालो. "ती रुसली नव्हती."

"रुसली होती. येवढ्या वर्षांत एक फोन नाय तिचा. आन मी बी नाय केला." मग शालीकडे पाहून म्हणाली, "दादा, सकाळधरनं मी चुलीपाशीच होते. तिथं का नाय सांगितलं? वैनी असती तर बसली असती का खुर्चीत?"

"नवरदेव दिसतात आज!" मागून कोणीतरी म्हणालं. बायका हसल्या. ती हसली नाही.

"लय दुखलं का तिला?" तिने विचारलं.

मुकादमाने गाडी सुरू केली. वरून पाळक हाका मारत होते. अजून एक शाल राहिली होती. मी पिकअपच्या मागच्या फळीवर पाय ठेवला आणि म्हणालो, "सरका जरा."

वळणावळणाच्या रस्त्यावर मी शेवटच्या दिवसांचं सांगू लागलो. गाडीच्या आवाजात तिला निम्मं ऐकू येत नव्हतं. ती सारखी "काय?" विचारत होती, आणि मी सगळ्या टोळीसमोर तेच पुन्हा ओरडून सांगत होतो.