अमावस्येचं तेल

करमाडच्या आप्पासाहेबांकडं मोटार होती आणि ती चालवायला इलियास होता. निजामी राज्यातले दिवस, त्यात तिकडं लढाई पेटलेली, पेट्रोल मिळालं तर नशीब. मोटार तरी कसली, शहरात दोन मालक करून आलेली म्हातारी. चढाला दम लागायचा तिला. पण बंद म्हणून कधी पडली नाही. गावातले काही शहाणे अजून म्हणतात, आप्पासाहेबांचं नशीब मोठं. नशीब कुठलं आलंय त्यात. इलियास दर अमावस्येला तिचं तेल बदलायचा, म्हणून ती चालायची.

अमावस्येलाच का, तर आप्पासाहेब त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकत नसत. मैल मोजायचा काटा कधीच मेलेला, तेव्हा आभाळातला चंद्र हाच इलियासचा काटा. सकाळी इंजिन जरा चालवून तेल गरम करायचं, मोटारीखाली शिरून बूच काढायचं आणि काळं तेल डब्यात उतरेपर्यंत तिथंच उकिडवं बसून राहायचं. शेवटचा थेंब पडल्याशिवाय तो उठत नसे. घाई केली की गाळ आत राहतो, म्हणायचा. बोलणंही तसंच, एकेक शब्द निथळून घेतल्यासारखं.

निघालेलं तेल वाया जात नसे. गाडीच्या आखाला, मोटेच्या चाकाला, वाळवी लागणाऱ्या लाकडाला ते उत्तम. त्यावरून गावात कुरबुरी व्हायला लागल्या, तेव्हा इलियासनंच पाळ्या लावून दिल्या. ही अमावस्या या घराची, पुढची पुढच्या घराची.

पौषातल्या अमावस्येला पाळी आली पुंजारामची. पुंजाराम म्हणजे वेशीजवळचा शेतकरी, हाताशी थोडी जमीन, बायको चतुराबाई आणि एकुलती लेक साळू. नुकतंच घरावरचं मातीचं माळवद दुरुस्त करून त्यानं नव्या तुळया टाकल्या होत्या. त्यांना वाळवी लागायच्या आत काळं तेल पाजायचं म्हणून तो सकाळीच डबा घेऊन मोटारखान्याच्या दारात हजर झाला.

नवं तेल दुपारच्या, उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं शहरातून यायचं होतं. नवं हातात आल्याशिवाय जुनं काढू नये, हे इलियासला त्याच्या उस्तादानं कान धरून शिकवलेलं. पण दारात माणूस खोळंबलेला, आणि आज मोटार कुठं जाणार होती? त्यानं बूच काढलं. सगळं तेल पुंजारामच्या डब्यात ओतून दिलं.

साळूचा घसा दोन दिवसांपासून धरलेला होता. चतुराबाईनं हळदीचा लेप लावून तिला निजवलं होतं. दुपारी पोरीचा श्वास घशातच अडकायला लागला. वैद्यांनी तोंडात पाहिलं आणि म्हणाले, घटसर्प आहे, शहरातल्या दवाखान्यात सुई मिळते, आत्ताच्या आत्ता न्या.

पुंजाराम तसाच धावत आला, कोपरापर्यंत हात काळे. आप्पासाहेब ओसरीवरच होते. ऐकलं मात्र, म्हणाले, "अमावस्या घाला चुलीत. इलियास, मोटार काढ."

"साहेब, इंजिनात तेल नाय," इलियास म्हणाला. मग पुंजारामकडं वळला. "सकाळचं तेल कुठं हाय?"

"तुळयांना लावलं. समदं लावलं."

इलियास त्याच्या घरी धावला. डबा कोरडा होता. वर तुळया काळ्या होऊन चमकत होत्या आणि त्यांच्याखाली पोर श्वासासाठी मान ताणत होती. तेलाशिवाय इंजिन वेशीपर्यंतही गेलं नसतं. शेवटी पुंजारामनं बैल जुंपले. चतुराबाई लेकीला मांडीवर घेऊन गाडीत बसली.

सर्व्हिस मोटार त्या दिवशी उशिरा आली. इलियासनं डबा जवळजवळ हिसकावून घेतला, तेल ओतलं आणि म्हातारीला कधी पळवली नव्हती तशी पळवली. चिकलठाण्याच्या अलीकडं त्याला पुंजारामची बैलगाडी दिसली. गाडीचं तोंड गावाकडं होतं.

त्यानं मोटार बाजूला घेऊन बंद केली. खाली उतरला आणि गाडीमागून चालत करमाडला आला. मोटार रात्रभर रस्त्यावरच होती. आप्पासाहेबांनी त्याबद्दल एक शब्द विचारला नाही.

साळूचे दिवस झाले, पाहुणे गेले. मग पुंजाराम मोटारखान्यात आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"इलियासभाई, एक खरं सांग. ते तेल म्या घरी नेलं नसतं, तर मोटार चालली असती का?"

आता नीट ऐका, कारण या माणसाचं मोठेपण मला सांगायचंय ते इथंच आहे. ते तेल चाललं असतं. त्या सकाळपर्यंत तेच तर इंजिनात होतं. शहरापर्यंत काय, जालन्यापर्यंत चाललं असतं. इलियासला हे स्वतःच्या नावासारखं ठाऊक होतं. पाच वेळा नमाज पढणारा, साधं खोटं बोलायला जीभ अडखळणारा माणूस.

"नाय," तो म्हणाला. "एकदा काढलेलं तेल परत चालत नाय. मेलेलं असतं ते. चूक माझी हाय. नवं आलं नसताना म्या बूच काढलं."

 पुंजाराम थुंकला आणि निघून गेला.

गाव मग इलियासला बोलायला लागलं. चतुराबाईनं तर आडावर, चार बायांदेखत, त्याच्या बायकोला, अजराला ऐकवलं, "तुझ्या नवऱ्याच्या रिकाम्या मोटारीनं माझी लेक खाल्ली." अजरा रिकामी घागर घेऊन रडत घरी आली. तिला खरं काय ते माहीत होतं.

"काय कू सुनते तुम? बोल दो ना उसको," ती म्हणाली.

"पुंजारामला त्या घरात निजायचं असतं," इलियास म्हणाला. "डोळा उघडला की वर त्याच तुळया. बोलू दे मला काय बोलायचं ते."

त्या अमावस्येपासून त्याची एक रीत बदलली. निघालेलं तेल तो लगेच कुणाला देईना. फडक्यातून गाळून मडक्यात भरायचा, वर झाकण ठेवायचा, मडकं कोपऱ्यात पोत्याखाली. पुढच्या अमावस्येला नवं निघालं की मगच हे पाळीवाल्याला. कुणी विचारलंच तर म्हणायचा, गाळ बसू दे. लोकांना काय, स्वच्छ तेल मिळत होतं. पुंजाराम मात्र आपल्या पाळीला कधी आला नाही.

लढाई संपता संपता गावात पुन्हा घटसर्प आला. त्याच आठवड्यात मोटारीला रस्त्यातला दगड लागून बूच उखडलं होतं आणि सगळं तेल मातीत गेलं होतं. इलियासनं बूच कसंबसं बसवलं, पण नवा डबा यायला अवकाश होता. आणि एका सकाळी पुंजारामच्या शेजारचा बन्सी आपल्या पोराला उचलून मोटारखान्यात आला. पोराच्या घशातून तसाच आवाज येत होता. बन्सीच्या मागं पुंजाराम होता.

बन्सी म्हणाला, "काढ, बाबा, मोटार."

इलियासनं पोराकडं पाहिलं. मग पुंजारामकडं पाहिलं. इतकी वर्षं शिव्या खाऊन जपलेली गोष्ट होती ती, आणि आता ती स्वतःच्या हातानं मोडायची होती. त्याचा जीव तुटला. पण पोराच्या मानेची शीर ताणलेली दिसत होती. तो कोपऱ्यात गेला, पोतं बाजूला केलं आणि मडकं उचलून आणलं.

काळं तेल इंजिनात पडायला लागलं. मडकं जड होतं, नरसाळं हलत होतं. कुणीतरी ते घट्ट धरलं. पाहतो तर पुंजाराम. तेल संपेपर्यंत दोघं एकमेकांकडं न पाहता तसेच उभे राहिले. शेवटचा थेंब पडायची वाट इलियासनं त्या दिवशी पाहिली नाही. हँडल मारलं, इंजिन लागलं आणि मोटार शहराच्या रस्त्याला लागली.

बन्सीचं पोर वाचलं. संध्याकाळी इलियास परतला तेव्हा पुंजाराम मोटारखान्याच्या दारातच बसलेला होता, सकाळपासून उठला नसावा.

"चाललं म्हणायचं ते तेल," तो म्हणाला.

"व्हय."

"तवाबी चाललं असतं."

इलियास खाली बसला.  खोटं त्याला पुन्हा बोलवेना आणि खरं बोलून काय मिळवायचं होतं? पुंजाराम हुंदका न देता रडत होता, दाढीवरून पाणी ओघळत होतं, आणि इलियासनं त्याच्या पाठीवर हात ठेवला तो तिथंच राहू दिला.

मग तोंड पुसून पुंजाराम म्हणाला, "चतुरा तुला लई बोललीय. तिला मी आज सांगतो. कुणाच्या हातनं काय झालं ते तिला कळू दे."

"नको सांगू."

"आरं, का?"

"ती बी त्याच तुळयांखाली निजते," इलियास म्हणाला.

पुंजारामनं सांगितलं नाही. चतुराबाई इलियासशी शेवटपर्यंत बोलली नाही. समोर आला की पदर ओढून तोंड फिरवायची, आणि इलियास मान खाली घालून बाजूनं जायचा. पण त्यानंतर दर अमावस्येला पुंजाराम मोटारखान्यात यायचा, पाळी असो नसो. तेल गाळायला तो घरून धुतलेलं फडकं आणायचा. जुन्या लुगड्याचं ते फडकं चतुराबाईच त्याला फाडून द्यायची. कशाला हवंय, हे तिनं कधी विचारलं नाही.