पिळून बांधलेला जोड

कुरुंदवाडच्या रस्त्याला माझं ट्रॅक्टर-ट्रकच्या वायरिंगचं दुकान आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की रोज दोन-चार ट्रॉल्या दारात उभ्या असतात. तक्रार बहुतेक एकच, मागचे दिवे लागत नाहीत.

त्या दुपारी आलेला ड्रायव्हर शेजारच्या गावचा, ओळखीचा. ट्रॅक्टर-ट्रॉली त्याच्या स्वतःच्या मालकीची. मी टेस्टर बल्ब लावून बघितलं. ट्रॅक्टरच्या सॉकेटपर्यंत करंट येत होता, पुढं ट्रॉलीत जात नव्हता. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडतात त्या पुढच्या दांड्याजवळ वायर पत्र्याच्या कडेला घासून तुटली होती.

"नवी वायर ओढाय पायजे. तासभर थांबा," मी म्हणालो.

"तासभर? मिस्त्री, कारखान्यावर लाईन लागलीया. आजच्यापुरतं जोडा की. उद्या येतो."

मी दोन्ही टोकं सोलली, पिळली, वर टेप गुंडाळली. मागं जाऊन बघितलं, दोन्ही दिवे लागले होते. तो गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. मीही फोन केला नाही.

आठ-दहा दिवसांनी चहाच्या गाड्यावर बोलणं कानावर आलं. दिवेलागणीच्या वेळेला एक दूधवाला मोटारसायकलवरून उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला होता. मांडीचं हाड मोडलं, खुब्यालाही मार लागला. ट्रॉली कुणाची, तेही कळलं. मी चहा संपवला. दुकानात एका ट्रकचा हॉर्न उघडून ठेवला होता, तो जोडून दिला. घरी बायकोला सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, "तुमच्याकडनं काय चुकलं का?"

"म्हाईत न्हाय," म्हणालो आणि जेवायला बसलो. त्या रात्री मला झोपही नीट लागली.

पोलिसांचं काम आटोपल्यावर तो ड्रायव्हर ट्रॉली घेऊन आला. मागचा एक दिवा फुटला होता, तो बदलायचा होता. मागच्या फळीवर दुधाचे ओघळ वाळून पिवळट झाले होते. मी नव्या दिव्याचा खोका फोडला नाही. आधी दांड्याजवळ जाऊन खाली बसलो. टेप सैल होऊन लोंबत होती. एक टोक निसटून बाहेर आलं होतं. ट्रॉली वळताना तिथं वायरीला ओढ बसते. मी ढील ठेवलीच नव्हती.

"जोड सुटलाय. माझाच," मी म्हणालो.

तो वाकून बघत राहिला. "धडक झाली त्या दिशी निघताना लागत हुतं की. मी बघितलं हुतं."

"व्हय. वाटंत सुटला आसंल."

"मी बी दुसऱ्या दिवशी आलो न्हाय." मग म्हणाला, "आता ते उकरून काय उपयोग?"

मी दुकानातनं वायरीचं नवं भेंडोळं आणलं. सगळी वायर नवी ओढली. आता त्याला घाई नव्हती.

दोन दिवसांनी मी मोटारसायकल काढली आणि नदीपलीकडं त्या दूधवाल्याच्या गावात गेलो. दूधवाला घराच्या पुढच्या सोप्यात लोखंडी कॉटवर पडून होता. त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या ठेवला.

"कुठनं आलायसा, पावणं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. पिळलेला जोड, टेप, न केलेला फोन, सगळं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्या ऐकायलाच बहुतेक मी गेलो होतो.

त्यानं आढ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे दिवा लागलाच नव्हता. मला वाटायचं, माझंच ध्यान न्हवतं. लागला आसंल, मलाच दिसला न्हाय."

"मी बी ह्यांनाच बोल लावत हुते," बायको म्हणाली. पदर तोंडाला लावून ती आत गेली.

मला तेव्हा काहीतरी वाटायला पाहिजे होतं. मी त्याच्या पायावरच्या पांढऱ्या पट्टीकडं बघत बसलो. पट्टी नीट बांधली होती, एवढंच मनात आलं.

"मिस्त्री हायसा न्हवं?" तो म्हणाला. "दारात भावाची ट्रॉली हाय. तिचं दिवं बघून जावा."

हत्यारांची पिशवी गाडीलाच होती. त्याचा भाऊ ट्रॅक्टरवर चढला. ब्रेक दाबला की मागचे सगळेच दिवे मंद पेटायचे. म्हणजे अर्थिंग, करंट परत जायची वाट, खराब. अर्थिंगची वायर चेसिसला, म्हणजे सांगाड्याला, धरणारा बोल्ट गंजला होता. तो काढून पॉलिश पेपरनं खाली चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला, वर ग्रीस लावलं. शिवाय अर्थिंगची वेगळी वायर सॉकेटपर्यंत आणली. सगळ्या वायरी प्लॅस्टिकच्या पाइपातून घेतल्या, वळणाच्या जागी हातभर ढील ठेवली. जोड शिसं वितळवून, डाग देऊन पक्के केले. दुपार उलटली. मधे दूधवाल्याच्या बायकोनं चहा आणून दिला.

"दाबा ब्रेक," मी म्हणालो.

"लागला!" दूधवाला आतून ओरडला. त्याला कॉटवरून दारातलं दिसत होतं. थोड्या वेळानं भावाला म्हणाला, "सोड आता. बॅटरी उतरंल."

मी पिशवी आवरली आणि निघालो.

त्यानंतर मी जोड पिळून दिलेला नाही. ज्यांना घाई असते ते पुढच्या दुकानात जातात. दूधवाला आता काठी घेऊन चालतो, दूध त्याचा भाऊ घालतो. बाजारात कधी दिसला तर काठी उचलून हाक मारल्यासारखं करतो. मी मान हलवतो.