कोपऱ्यातली शीर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्याचा रंग. दहिवलीतलं हे घर मीच बांधलं, ओटाही मीच घातला. त्याचा कडप्पा आता पिचला होता, डाग जात नव्हते. मुलगा म्हणाला, फोडून ग्रॅनाइट टाकू. माझी बायको सुमन त्याच्या अंगावरच गेली. "तुझ्या बानं घातलेला ओटा कुनी फोडायचा नाय. मी त्याचाच ग्रॅनाइट करते." मोबाइलवर बघितलं होतं तिनं कुठंतरी. पॉलिश पेपरनं घासला, काळा रंग दिला, स्पंजनं राखाडी ठिपके दाबले, आणि पांढऱ्या शिरा काढायला शेजारच्या कोंबड्याचं पीस आणलं.

एक शीर मी काढली. जन्मभर गवंडीकाम केलेला हात, शीर ओळंब्यासारखी सरळ आली.

"विटांचा थर लावताय का? आमच्या कोंडाण्याच्या वढ्यातला दगड बघा. शीर चालते, फुटते, पळते. द्या ते पीस हिकडं."

कोंडाणं तिचं माहेर. तिला दगड कोण शिकवणार! झरझर काढत गेली... आणि थांबली. भिंतीला हात लावला. कपाळावर घाम. जबडा दुखतोय म्हणाली.

"पीस ठेव. दवाखान्यात चल."

"रंग वला हाय तवरच शिरा मिसळतात. येवढा कोपरा करते."

"खड्ड्यात गेला तुझा कोपरा!"

"गेला तर तुमीच बुजवा. गवंडी हाय ना," म्हणून हसली आणि पुन्हा पीस बुडवलं. मी ते हिसकून मोरीत फेकलं, तिला धरून रिक्षात बसवलं. पुढं माल उतरवणारा टेंपो आडवा. रिक्षावाला हॉर्न मारतोय, मी शिव्या घालतोय, आणि ही माझं मनगट धरून सांगतेय, "ओट्यावर कुनाला काय ठिवू देऊ नका. कोपरा राह्यलाय."

"गप बस गं," मी म्हटलं. ती गप्प बसली. दवाखान्याच्या पायरीवर तिची मान माझ्या खांद्यावर आली ती पुन्हा उचलली नाही.

संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आलो तर घर भरलेलं. मेहुणी शांता पाण्याचा हंडा घेऊन ओट्याकडं निघाली होती.

"खाली ठेव तो!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की रडणाऱ्या बायाही थांबल्या.

"दाजी, माझी बहीण गेली आन् तुमाला ओट्याची पडलीय?"

स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसलो. कुणाला आत सोडलं नाही.

महिना उलटून गेला. शेगडी आता ओट्यावर आहे, फक्त त्या कोपऱ्यात मी काही ठेवत नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत पीस सापडलं, रंग वाळून काडीसारखं झालेलं. टर्पेंटाइनमध्ये भिजवून मोकळं केलं. कोपऱ्याला पुन्हा काळ्या रंगाचा हात दिला आणि तो ओला असतानाच पीस टेकवलं. शांता दारात उभी होती. माझा हात थरथरत होता, थांबेना. शीर थोडी चालली, मध्येच फुटली आणि भिंतीकडं पळाली.