बिनबटणांचे शर्ट

माझे यजमान शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत आहेत. त्यांच्या पार्सलसाठी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी घेऊन मी कपड्यांच्या दुकानात शिरले. या वेळी त्यांनी बिनबटणांचे शर्ट मागितले होते, आणि नाडी नसलेले बूट. कडक इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घालणारा माणूस! मला राहवेना. दूर गेलेली माणसं बोलण्यात लपवतात ते त्यांच्या मागण्यांतून कळतं. मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला.

“अहो, दोन्ही हात दाखवा.”

“नेटवर्क जातंय गं...”

“हात दाखवा आधी.”

उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

“गाडी उलटली. तू घाबरशील म्हणून बोललो नाही.”

“दुखतं का?”

“छे! अजिबात नाही,” ते हसून म्हणाले. माझा त्यावरही विश्वास बसला नाही.