उभी आणि जागी

"हिरवा दिवा बंद दुकानाच्या पाटीवरही जळतो, साहेब. आत माणूस बसलाय का, ते बोला!"

मावशीनं असं तोंडावर म्हटल्यावर नवे साहेब आधी दिव्याकडे बघायला लागले, मग मावशीकडे. दुपारचे अडीच वाजलेले. टेलिफोन एक्स्चेंजच्या त्या गारठलेल्या खोलीत पंख्यांची घरघर एवढी, की साधं बोलायचं तरी भांडल्यासारखं बोलावं लागायचं.

समोर माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट. फळीवर वह्या खोचाव्यात तशी त्यात कार्डं खोचलेली. त्यातली वरची दोन म्हणजे कपाटाचा मेंदू. एक काम करतं, दुसरं तयारीत बसतं. पहिल्यानं मान टाकली की दुसऱ्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत कारभार हातात घ्यायचा. कागदावर ती एक नंबर आणि दोन नंबर. मावशीच्या तोंडी थोरली आणि धाकटी. अर्ध्या शहराचे फोन त्यांच्या जिवावर चालत, रुग्णवाहिकेचा नंबरसुद्धा.

धाकटी गेल्या आठवड्यात बिघडली तेव्हा मावशी रजेवर होती. कंत्राटदाराची माणसं आली, नवं कार्ड खोचलं, दिवा हिरवा झाला. रजिस्टरात 'दोन नंबर उभी' असं लिहून ती गेली आणि साहेबांनी खाली सही ठोकली. झालं, सुटलो! त्यात थोरलीनं या आठवड्यात दोनदा अंग तापल्याची तक्रार केलेली. आणि नेमकी आज मावशीची महिन्याची चाचणी होती: थोरलीला मुद्दाम बाहेर ओढायची आणि धाकटी सांभाळते का बघायचं.

"या महिन्यात नको," साहेब म्हणाले. "चालत्या गाडीचं चाक कोणी काढून बघतं का?"

"जादा चाक आहे का नुसतं त्याचं चित्र आहे, ते कळायला काढावंच लागतं. थोरली आज पडली आणि धाकटी उठली नाही, तर कपाट पुन्हा चालू होईपर्यंत रुग्णवाहिकेला फोन करणारा माणूस सात मिनिटं हॅलो हॅलो करत बसेल. सात मिनिटांत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

ही बाई सव्वीस वर्षांपूर्वी खड्ड्यात उतरून केबल ओढायला म्हणून आली. आत कपाटाशी पोचायला तिला नऊ वर्षं लागली. मशीन पडद्यावर जे इंग्रजी ओकायचं ते तिनं शंभर पानी वहीत अक्षर न अक्षर उतरवून काढलं आणि पुढे आपल्या भाषेत अर्थ लिहिला. लाइनवर फार गर्दी झाली की 'घशाशी आलंय'. जोडीदार कार्ड सगळा हिशेब पाठ करून तयार असेल तर 'जागी'. नुसती वीज मिळतेय, पण बाकी पत्ता नाही, तर 'अंथरुणात'. आज मोठमोठ्या पदव्यांची माणसं अडली, की हळूच तीच वही मागतात.

आणि हे 'जागी'चं खूळ तिनं मशीनकडून घेतलेलं नव्हतं. सासूला साखरेच्या आजाराचं इंजेक्शन लागायचं, ते मावशीच द्यायची. घरात धाकटी जाऊ आहे, मग कशाला काळजी? एकदा मावशी कामावर अडकली, तर जाऊबाई सुई हातात घेऊन तासभर दारात उभी! शेवटी शेजारच्या नर्सनं धावत येऊन निभावलं. तेव्हापासून दर रविवारी सुई जावेच्या हातात आणि मावशी बाजूला हाताची घडी घालून. जाऊ म्हणायची, "वहिनी, तुम्ही असताना मी कशाला?" मावशी म्हणायची, "मी असतानाच शिकायचं. मी नसताना विचारणार कोणाला?"

"बघू तरी द्या," मावशी म्हणाली आणि पडद्यासमोर बसली. दोन ओळी टाइप केल्या आणि खुर्ची साहेबांकडे वळवली.

"अंथरुणात आहे."

नव्या कार्डात मागच्या सालचं सॉफ्टवेअर होतं. थोरली एक भाषा बोलणार, धाकटी दुसरी. हिशेब पाठ होणार कसा? दिवा मात्र हिरवागार. साहेबांचा चेहरा उतरला. सही त्यांचीच होती.

मावशीनं त्यांना टोमणा मारला नाही, तेवढा वेळही नव्हता. थोरलीतलं सॉफ्टवेअर धाकटीत उतरवलं, तिला नव्यानं चालू केलं आणि एकटक पडद्याकडे बघत बसली. अठरा मिनिटांनी पडद्यानं कबूल केलं: जागी.

"झालं ना मग?" साहेब म्हणाले.

"म्हणतेय जागी. उठवून बघू."

तिनं रुग्णवाहिकेच्या कचेरीत फोन करून तिथल्या बाईंना सावध केलं, दुसरी लाइन उघडी ठेवायला सांगितली. अंगठी काढली, अंगातली वीज कार्डाला लागू नये म्हणून मनगटाला जमिनीशी जोडलेल्या तारेचा पट्टा बांधला. "साहेब, इथल्या फोनवरून तुमच्या आईंना लावा. बोलत राहा. तुटला तर मला सांगा."

साहेबांनी लावला. पलीकडून आई ओरडली, "गिरणीत आहेस का रे? केवढा आवाज!"

मावशीनं थोरलीच्या दोन्ही खिट्ट्या सोडल्या आणि कार्ड सरळ बाहेर ओढलं. साहेबांनी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला.

"…आणि येताना चष्मा आण. दुकानदारानं दोनदा निरोप धाडलाय."

"आई, ऐकू येतंय ना?"

"मी बोलतेय! ऐकायचं तू आहेस!"

साहेब हसले तेव्हा त्यांच्या कपाळावर त्या गारठ्यातही घाम होता. मावशीनं रुग्णवाहिकेच्या बाईंना विचारलं. तिकडेही एक फोन चालू होता, तो तुटला नव्हता. मग तिनं थोरली परत बसवली, ती जागी होईपर्यंत थांबली आणि रजिस्टर ओढलं. 'उभी' या शब्दावर आडवी रेघ मारून वर लिहिलं: 'जागी. ओढून पाहिली.'

साहेबांनी न सांगता पेन घेतलं आणि पुढच्या महिन्याच्या चाचणीची तारीख टाकली.

"नुसती तारीख नको," मावशी म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही ओढायचं. मी आईंशी बोलते."

अंगठी बोटात सरकवत ती उठली. थोरली तापत का होती, हे अजून बघायचं होतं. तिनं कोपऱ्यातला ब्रश घेतला, कपाटाखालची पंख्याची जाळी उचकटली आणि तिच्यावर बसलेला बोटभर धुळीचा थर बघून कंत्राटदाराच्या माणसांचा मनसोक्त उद्धार करत जाळी झाडायला बसली.