लडकू भोईरांनी निकाल राखून ठेवला

भिवंडीच्या कोर्टात लडकू भोईरांनी एकतीस वर्षं शिपायाची नोकरी केली. दाराशी उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करायचा, साहेब आले की खुर्ची मागे ओढून धरायची, एवढंच काम. पण निवृत्त होऊन घरी आले ते असे, की जणू हायकोर्टातूनच उतरले. चौदा साहेबांच्या चौदा तऱ्हा त्यांना तोंडपाठ. कोण निकालाआधी चष्मा पुसायचा, वकिलाने लांबण लावली की कोण पंख्याकडे बघत बसायचा, हे सगळं ओटीवर बसून साभिनय चालायचं. नक्कल करत नसत ती फक्त एका साहेबांची. त्यांनी म्हणे कुणाच्या घरचा चहासुद्धा कधी घेतला नाही. "न्यायाधीश असा पायजे," एवढंच लडकू म्हणायचे.

पुढे टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धांचं पेव फुटलं. बायको पार्वती पडद्यासमोरून हलेना, आणि लडकूंच्या अंगाचा तिळपापड. तिथले जज रडतात काय, खुर्चीवर चढतात काय, गाणाऱ्याला मिठ्या मारतात काय! पोरीने गाऊन तोंड मिटलं नाही तोवर निकाल लावून मोकळे, हा कुठला न्याय, असं ते पार्वतीला विचारायचे. पार्वती आवाज वाढवायची. टीव्हीचा.

मग २००७च्या थंडीत केबलवाल्या दीपेशने आपल्या लोकल चॅनलवर पुन्हा गाण्याची स्पर्धा काढली. मागच्या वर्षी निकालावरून मारामारी झाली होती, म्हणून त्याला जजच्या खुर्चीत कोर्टातला माणूस हवा होता. लडकूंनी आढेवेढे घेतले, पण कोट आधीच धुवायला टाकला होता. ज्या खुर्चीमागे जन्म गेला, तिच्यात एकदा बसायचं होतं. आणि बसायचं तर त्या बिनचहाच्या साहेबांसारखं.

घोळ फायनलला झाला. दोघंच उरले. एक, वाडा तालुक्यातून येऊन पॉवरलूमवर शिफ्ट करणारा कुमार. दुसरी भाविका, म्हणजे पार्वतीच्या सख्ख्या बहिणीची, जानकीबाईची मुलगी. दोघं गाऊन झाले. दीपेशने माईक पुढे केला. लडकूंनी चष्मा पुसला, बंद पंख्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "दोन्ही बाजू ऐकल्या. निकाल राखून ठेवलाय. पुढची तारीख रविवार."

"काका, हे कोर्ट न्हाय," दीपेश काकुळतीला आला. "पाहुणे ट्रॉफी घेऊन उभे हायत."

"मंग त्यांना बसायला सांग."

पाहुण्यांनी ट्रॉफी टेबलावर ठेवली, वडापाव खाल्ला आणि गेले.

तो आठवडा काय वर्णावा! आळीत दोन तट पडले. लडकू कुणाच्या दारात टेकले नाहीत, फुकटचं पान खाल्लं नाही. जानकीबाई समोरून दिसली की पलीकडच्या फुटपाथवर. दिवसभर निकाल लिहायचा आणि जेवायला घरी. जेवण मात्र त्या आठवड्यात झकास. दोनदा तर खाडीच्या, मांसाने भरलेल्या चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा रस्सा झाला, आणि दोन्ही वेळा न्यायाधीशांनी नांग्या चोखून चोखून ताटात ढीग लावला.

रविवारी नऊ पानं वाचली. सदर गायिका पोशाखाला व हावभावाला उजवी आहे, तथापि वरच्या पट्टीत तीन ठिकाणी सूर सोडल्याचे निदर्शनास आले. सदर गायक मात्र लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून गाण्यास सरावलेला असून... नवव्या पानाच्या तळाशी कुमार जिंकला. तेव्हा निम्मा मंडप पेंगत होता. जागी होती ती जानकीबाई. ती चप्पल शोधून तडक निघून गेली.

घरी आता भांडी वाजणार, अशी मनाची तयारी करून लडकू जेवायला बसले. पार्वती शांतपणे वाढत होती. त्यांना भरून आलं. म्हणाले, "पार्वती, जन्मात एकदाच खुर्चीत बसलो, पण कुणाचं मीठ खाल्लं न्हाय."

"मीठ आपलंच होतं," पार्वती म्हणाली. "चिंबोऱ्या जानकीच्या होत्या."

लडकूंनी उचललेला घास परत ताटात ठेवला.

"आता तोंड कशाला पाडता? खाऊन बी तिला हरवलीत ना? मंग ती लाच कसली?"

एकतीस वर्षांत कुठल्या वकिलाने असा मुद्दा काढला नव्हता. लडकू ताटावरून उठले. चार दिवस कुढले. पाचव्या दिवशी बाजारातून सहा चिंबोऱ्या नांग्या बांधून घेतल्या आणि जानकीबाईच्या दारात पिशवी ठेवली. खाल्लेलं परत केल्याशिवाय झोप लागत नाही, असं काहीसं पुटपुटले.

जानकीबाईने एकेक चिंबोरी उचलली आणि पोटाशी अंगठ्याने दाबून पाहिली.

"दाजी, पुनव जवळ आलीय. ह्या पोकळ हायत. माझ्या अवसेच्या होत्या, गच्च भरलेल्या. अवसेला घेऊन या."

आणि दार लावून घेतलं. लडकूंनी पिशवी परत घरी आणली. पार्वतीने एक चिंबोरी उचलली, दाबून पाहिली आणि म्हणाली, जानकी बरोबर बोलतेय.