शहाण्णव तासांतला सखाहरी

कोर्टाच्या मधल्या सुट्टीत मी बार रूममधल्या टेबलावर डोकं टेकते. पाचच मिनिटं. हाताखाली सुलाबाईच्या केसमधली पुराव्यांची यादी आहे. सुलाबाई हॉस्पिटलातली आया. तान्हं बाळ पळवल्याचा आरोप. ती म्हणते, त्या वेळी मी धुण्याच्या खोलीत होते. पोलिसांनी अकरा दिवसांचं सीसीटीव्ही पेन ड्राइव्हवर दिलंय. यादीवर 'मान्य' लिहून मी सही केली की ते सगळं बिनतक्रार खरं धरलं जाईल. सुट्टी संपली की सही द्यायची आहे.

मी मोफत वकिलीच्या पॅनेलवरची. फी ठरावीक. कोर्टात उभी राहिले त्या तारखा बिलात बसतात. घरी डोळे फोडून पाहिलेल्या तासांना रकानाच नाही. म्हणून पोलिसांनी खूण केलेली दोन मिनिटं बघायची आणि सही ठोकायची. मी त्यात पटाईत आहे.

पंखा कुरकुरतो. मग कुरकुरत नाही.

"म्याडम, जरा सरका."

शेजारी सखाहरी ढेंबरे बसतो. कापसाच्या जिनिंगमधला हमाल, माझा जुना अशील. चौकीदाराला मारून लुटल्याबद्दल त्याला सात वर्षांची सजा लागली आणि दुसऱ्याच वर्षी तो तुरुंगात काविळीने गेला. तो मेलाय हे मला ठाऊक आहे. तरी मी सरकते.

"जेवलास का?" मी विचारते.

"न्हाई. हितनं उठता येत न्हाई."

आमच्याखाली आता एसटी स्टँडवरचा बाक आहे. सगळं करडं, आवाज कसलाच नाही. वर कोपऱ्यात तारीख, तास, सेकंद पळताहेत. आम्ही कुठे आहोत ते मला कळतं. हे त्याच्या केसमधले सीसीटीव्हीचे शहाण्णव तास. ते मी कधी उघडलेच नव्हते.

"मी सांगितलं व्हतं की, स्टँडवर व्हतो म्हणून. चार तास बसलो हितं. वर क्यामेऱ्याकडं बी बघितलं. म्हनलं, म्याडम बघत्याल."

"अरे, फी..." माझ्या तोंडून निघतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"फीचं म्हाईत हाय मला," तो समजुतीने म्हणतो. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आमच्यामध्ये तुरुंगातली मुलाखतीची जाळी आहे. त्याच्यामागे एक बाई ओल्या चादरी घडी करतेय, पाठमोरी.

"ही कोण?"

"नवी हाय. तुमचीच म्हनं."

मी सुलाबाईला हाक मारते. आवाज फुटत नाही. ती वळत नाही, चादरी संपत नाहीत.

"तिथं सही करू नगा," सखाहरी म्हणतो. "ती जागा मला द्या."

पंखा कुरकुरतो. गालाला यादी चिकटलीये. सोडवून पाहते, तर सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा उमटलेला, अजून ओला. मधोमध आडवी चीर. हमालीच्या हुकाने फाटलेला हा अंगठा मी एका वकीलपत्रावर पाहिलाय. माझी बोटं कोरडी आहेत.

सरकारी वकील दारात येतात. "मॅडम, मान्य ना?"

"नाही साहेब," मी म्हणते. "मी अजून काहीच पाहिलेलं नाही."

हे वाक्य बोलायला मला एका माणसाइतका उशीर झालाय.